टुमदार गावाच्या शोधात

शनिवार पेठेत उन्हाळा तोंडावर आला की ‘यंदा कुठे?’ हा प्रश्न सुरू होतो. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत याचं उत्तर ‘माहेरी’ नाहीतर ‘कोकणात’ असं असायचं. मग उटी-म्हैसूर आलं, मग सिमला-कुलू-मनाली आणि गेल्या वीसेक वर्षांत युरोप, जपान, व्हिएतनाम. आता त्याच्याही पुढचा टप्पा आला आहे. लंडन, पॅरिस, रोम एकदा पाहून झालेली मंडळी विचारतात, “ताई, मोठी शहरं पुरे झाली. एखादं शांत, छोटं, सुंदर गाव सांगा ना.” मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे जगातली सगळी गावं मला ठाऊक असावीत, असा मेहुणपुऱ्यापासून ओंकारेश्वरापर्यंत सगळ्यांचा समज आहे.

सुरुवातीला मी नावं सांगत असे. पुढे लक्षात आलं की नावं सांगून काम भागत नाही. एकाला आवडलेलं गाव दुसऱ्याला ‘तिथे होतं काय पाहायला?’ असं वाटतं. मग मी एक वही घातली. गाव सुंदर म्हणजे काय, ते सुंदर राहिलं कसं, त्यांच्या याद्या कोण करतं आणि त्यांतून आपण निवड कशी करावी, हे प्रश्न तिच्यात लिहीत गेले. आमचा वाडा पाडून तिथे इमारत बांधायची की नाही, हा वाद घरात त्याच सुमारास सुरू झाला होता. त्याचा या वहीशी संबंध आहे हे मला उशिरा कळलं. त्याबद्दल शेवटी.

पाठ फिरवून पाहणारे प्रवासी

मराठीत अशा गावाला चांगला शब्द आहे, टुमदार. आटोपशीर, नेटकं आणि डौलदार हे तिन्ही गुण त्यात एकत्र आले आहेत. मात्र आपण तो बहुधा घराला किंवा बंगलीला लावतो. अख्खं गाव टुमदार म्हणून पाहायला जाणं, ही आपल्याकडची जुनी रीत नव्हे. आपले पूर्वज क्षेत्राला जात, जत्रेला जात, सोयरिकीला जात. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरले ते दक्षिणेच्या आशेने, आणि १९०७ साली छापून आलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये जे दिसतं ते वाटेत पुढ्यात आलं म्हणून. नुसतं दिसायला सुंदर म्हणून वाट वाकडी करून एखाद्या गावी जावं, ही कल्पना बाहेरून आली.

ती जिथून आली तिथला एक मुख्य माणूस म्हणजे विल्यम गिल्पिन हा इंग्लिश पाद्री. १७७० साली तो इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीतून होडीने फिरला आणि १७८२ मध्ये त्याने त्या प्रवासाचं पुस्तक छापलं. निसर्गाकडे चित्रासारखं कसं पाहावं, याचे नियमच त्याने घालून दिले. खडबडीतपणा हवा, पडझड हवी, रेषा सरळसोट नकोत. टिंटर्नच्या प्राचीन मठाचे भग्न अवशेष त्याला आवडले, पण भिंतींचे त्रिकोणी माथे फार नियमित वाटले. कुणी जपून हातोडा चालवला तर चित्र सुधारेल, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच भेटीत मठाच्या आडोशाला झोपड्या बांधून राहणारी अत्यंत गरीब माणसंही त्याला दिसली, आणि त्याने त्यांचीही नोंद केली. म्हणजे देखणं दृश्य आणि त्यात राहणाऱ्यांची ओढगस्त ही जोडी पहिल्यापासूनची आहे.

त्या काळच्या शौकीन प्रवाशांजवळ काळसर, किंचित फुगीर आरसा असे. देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात तो चौकटीत बसलेला पाहायचा. आज आपण मोबाइल वर धरून, देखाव्याकडे पाठ करून उभे राहतो ते काही फार निराळं नाही. फरक एवढाच की आरशात प्रवासी स्वतःला टाळत असे.

दुर्लक्ष आणि ठराव

गावं सुंदर बांधली जातात त्याहून सुंदर राहतात कशी, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. वहीत जमवलेल्या गावांचे इतिहास शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसला. आधी भरभराट, मग अचानक पैशाने वाट बदलणं, मग लांबलचक दुर्लक्ष आणि शेवटी कुणीतरी वेळेवर केलेला ठराव.

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतलं बिबरी घ्या. तिथली ‘आर्लिंग्टन रो’ ही दगडी घरांची ओळ दिनदर्शिकांवर हमखास असते. ती मुळात चौदाव्या शतकातली लोकरीची वखार होती, सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली. पुढे कापडाचा धंदा यंत्रांकडे आणि कोळशाच्या प्रदेशाकडे गेला. टेकड्यांतल्या लोकांजवळ घरं पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनी राहिली. १९४९ मध्ये ही ओळ ‘नॅशनल ट्रस्ट’च्या ताब्यात आली.

ऑस्ट्रियातलं हालश्टाट मिठाच्या खाणींवर वाढलं. तिथल्या उत्खननामुळे युरोपातल्या लोहयुगाच्या आरंभकाळाला या गावाचं नाव मिळालं. डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यात ते असं अडकलेलं आहे की १८९० पर्यंत तिथे नीट रस्ता नव्हता. जायचं ते होडीने किंवा पायवाटेने.

वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय हे गिल्पिनच्याच वाय नदीवरचं गाव. तिथली प्रवासी रेल्वे १९६२ च्या अखेरीस बंद झाली. बाजार ओसरला, इमारती स्वस्त झाल्या. त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या तरुणाने तिथल्या जुन्या अग्निशमन केंद्रात जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं. मग चित्रपटगृह, किल्ला, जे रिकामं मिळेल त्यात त्याने पुस्तकं भरली. १ एप्रिल १९७७ रोजी त्याने गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान केलं. थट्टाच ती, पण वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि गाव जगाला कळलं. १९८८ पासून तिथे साहित्य महोत्सव भरतो. आपल्याकडे पाचगणी-महाबळेश्वर वाटेवरच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव केलं, ते हेच उदाहरण समोर ठेवून. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं तिथे ठेवली होती. फरक मुळातला आहे. हे-ऑन-वायमध्ये पुस्तकं विकायला आहेत, भिलारला घराघरांत बसून वाचायला. मला भिलारची पद्धत जास्त आपली वाटते.

चौथं उदाहरण जपानच्या त्सुमागोचं. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेंदो या डोंगरी राजमार्गावर ६९ मुक्कामाची ठाणी होती. त्सुमागो हे त्यातलं ४२ वं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे झाली ती खालच्या खोऱ्यातून, त्सुमागोला वगळून. वाटसरू संपले, खाणावळी ओस पडल्या, तरुण शहरांकडे गेले. १९६८ पासून घरांची डागडुजी सुरू झाली आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी मिळून तीन कलमांची सनद केली: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, मोडायचं नाही. १९७५ मध्ये जपानच्या सांस्कृतिक वारशाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एकेक इमारतच नव्हे तर घरांचा अख्खा समूह जपायची सोय झाली, दुरुस्तीला सरकारी मदत मिळू लागली. १९७६ च्या पहिल्या यादीत त्सुमागो होतं. आज तिथे दिवसा मुख्य रस्त्यावर मोटार येत नाही, विजेच्या तारा घरांच्या मागे नेलेल्या आहेत.

आपल्या कोकणातही पहिले टप्पे असेच घडले. चौलचं बंदर एकेकाळी अरबस्तान-आफ्रिकेशी बोलत होतं. गाळ साचला, व्यापार हलला, गाव नारळी-पोफळीत निजलं. आगबोटी बंद झाल्या तशी इतरही बंदरं मागे पडली. त्यांचं आज आपल्याला भावणारं रूप हे त्या मागे पडण्यातूनच आलेलं आहे. चौथा टप्पा, ठरावाचा, तेवढा बऱ्याच ठिकाणी यायचा राहिला.

याद्या कोण करतं?

हा ठरावाचा टप्पा पुढे संस्थांच्या रूपाने आला. फ्रान्समध्ये कोरेझ भागात तांबड्या दगडांचं कोलोंज-ला-रूज नावाचं गाव आहे. तिथले महापौर शार्ल सेराक यांनी १९८२ मध्ये ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही संघटना उभी केली. खेडी रिकामी होत होती, त्यांना जगवायचं हा हेतू. तिच्या अटी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. वस्ती दोन हजारांच्या आत हवी, निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत आणि सदस्य होण्याचा ठराव गावाच्या पालिकेने स्वतः केलेला हवा. इटलीत २००१ पासून आणि जपानमध्ये २००५ पासून अशाच याद्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२१ पासून ‘उत्तम पर्यटन गावं’ निवडायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी त्यात तेलंगणातलं, विणकरांचं पोचमपल्ली होतं. भारत सरकारच्या २०२३ च्या स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावला, आपल्या मधाच्या गावाला, कांस्य श्रेणीतला पुरस्कार मिळाला.

या याद्यांचा फायदा हा की तिथे गावाने स्वतः ‘या’ म्हटलेलं असतं. मात्र सगळ्यात जोरदार यादी कुठल्याच संस्थेची नसते, ती पडद्याची असते. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मुळे स्वित्झर्लंडमधल्या सानेनचा एक साधा पूल भारतीयांचं तीर्थ झाला. ब्रिएंझ तळ्याकाठच्या इझेल्टवाल्ड गावात कोरियन मालिकेतला एक धक्का पाहायला इतकी गर्दी होऊ लागली की २०२३ पासून त्यावर जायला पाच फ्रँक घेतात. या यादीत गावाला कुणी विचारलेलं नसतं.

तिसरी यादी यात्रा कंपन्यांची. तिच्यामागे सौंदर्यापेक्षा गणित असतं. चाळीस माणसांची बस म्हणजे वीस-बावीस खोल्यांचं हॉटेल, बस उभी करायला जागा आणि आपला स्वयंपाकी आत येऊ देईल असं स्वयंपाकघर. एंगेलबर्गसारख्या हॉटेलं असलेल्या गावांत ते जमतं. सहा खोल्यांच्या गावाला ते जमणार नाही, म्हणून ते गाव पत्रकात येत नाही. यात कुणाची लबाडी नाही, पण पत्रकात नाही म्हणजे जगात नाही असं आपण समजू नये.

वहीतले पाच प्रश्न

आता कुणी गाव विचारलं की मी नाव सांगत नाही, पाच प्रश्न देते.

पहिला प्रश्न: तिथे रात्री राहता येईल का? मी आणि यजमान २०१७ मध्ये एका मोठ्या यात्रा कंपनीबरोबर हालश्टाटला गेलो. तिथे दिले होते नव्वद मिनिटं. पैकी पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, वीस एका ठरावीक कोपऱ्यावरून फोटो काढायच्या रांगेत. साडेसातशेच्या आसपास वस्तीचं ते गाव, आणि हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसं. आवाज करू नका, इथे लोक राहतात, अशा पाट्या जागोजागी होत्या. आमचे यजमान म्हणाले, “आपण कुणाच्या तरी ओसरीवर न विचारता चढलोय असं वाटतंय.” २०२० पासून तिथे बसगाड्यांना आगाऊ वेळ घ्यावी लागते, त्याचं मला नवल वाटलं नाही. अशा सगळ्या गावांत गर्दी साधारण अकरा ते चारची असते. मुक्काम करणाऱ्याला त्याआधीचं आणि नंतरचं गाव मिळतं, आणि गावालाही त्याच्याकडून खोलीचे, जेवणाचे पैसे मिळतात. दिवसाची बस बहुधा कचरा आणि चुंबकांची विक्री एवढंच देऊन जाते.

दुसरा प्रश्न: जायचं कसं, आणि शेवटची बस किती वाजता? हालश्टाटचं स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव समोरच्या काठाला आहे. आगगाडीच्या वेळेला जोडून होडी असते. बसने आलेल्याला हे कळतच नाही की या गावाचा खरा दरवाजा पाण्यातून आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या टपाल-बस खेड्याखेड्यांत जातात. हे-ऑन-वायला हेरफर्डहून बसने तासाभरात पोचता येतं. मात्र रविवारी अनेक ठिकाणी गाड्या कमी होतात, जर्मन भाषक प्रदेशात दुकानंही बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दूध, पाव, फळं घेऊन ठेवावीत.

तिसरा प्रश्न: गुडघे काय म्हणतात? डोंगरावरचं इटालियन गाव चित्रात सुरेख दिसतं, ते चढावर असतं म्हणूनच. दगडी फरसबंदी, पायऱ्या, लिफ्ट नसलेलं तीन मजली निवासघर. खोली ठरवताना मजला आणि जिन्याची चौकशी आधी करावी. पेठेतल्या वाड्याचा जिना चढणाऱ्याला हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

चौथा प्रश्न: खाणार काय, आणि दिवस किती? शाकाहारी माणसाने स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. भात आणि मेतकूट यांना कुठल्याही देशात अडचण येत नाही. दिवसांचं म्हणाल तर शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. म्हणून आधी गाव ठरवा, मग अर्ज. सात देश चौदा दिवसांत पाहण्यापेक्षा दोन गावं आणि एक शहर असा बेत मला परवडतो, खिशालाही आणि मनालाही.

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: इथले लोक कशावर जगतात? जिथे शाळा आहे, न्हावी आहे, किराणा दुकान आहे ते गाव. जिथे फक्त आठवणवस्तूंची दुकानं आहेत तो नाटकाचा पडदा. जपानच्या शिराकावा-गो या गावात (१९९५ पासून हा जागतिक वारसा आहे) तीव्र उताराची गवती छपरं तीस-चाळीस वर्षांनी बदलावी लागतात. त्यासाठी सारं गाव एकत्र राबतं, त्याला ते ‘युई’ म्हणतात. आपल्या खेड्यांतली इर्जिक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. एकमेकांच्या शेतावर बैल घेऊन जायचं आणि संध्याकाळी मिळून जेवायचं. त्या छपराखाली अजून इर्जिक चालते हे कळल्यावर छप्पर निराळं दिसू लागतं.

आपला धागा

या पाचांखेरीज एक प्रश्न मी स्वतःपुरता ठेवला आहे. माझं तिथे कुणी आहे का? ‘कुणी’ म्हणजे नातेवाईक नव्हे. आपल्या भाषेतलं, आपल्या मातीतलं कुणी तिथे कधी गेलं होतं का?

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डहून बसने जाता येईल असं वाँटेज नावाचं बाजारगाव आहे. पर्यटक तिथे फारसे जात नाहीत. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन तिथल्या मठात राहिल्या. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठच्या पकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ठेवल्या. न्यूयॉर्कहून नदीच्या काठाकाठाने आगगाडी जाते, दोनेक तासांचा प्रवास. शरद ऋतूत दोन्ही तीर पेटल्यासारखे लाल असतात. मुलांकडे न्यू जर्सीला जाऊन राहणाऱ्या पेठेतल्या आजी-आजोबांना मी हे ठिकाण आवर्जून सांगते. नायगाराला सगळेच जातात.

आणि इटलीतलं मोंतोने. उंब्रिया प्रांतात पेरुजियाच्या उत्तरेला, टेकडीवरचं, तटबंदीचं, जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं गाव. इटलीच्या सुंदर गावांच्या यादीत ते आहे. टायबर नदीच्या या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नाईक यशवंत घाडगे पडला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, वय बावीस. शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला आणि त्याच्या तुकडीतला तो एकटाच धड उरला. तो तसाच धावून गेला. हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली आणि बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर ती नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. मग आडून आलेल्या गोळ्यांनी तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. मोंतोनेत जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाचं. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे.

मी २०२४ मध्ये भाचीबरोबर तिथे गेले. बसची वेळ पाहून दिवस बेतावा लागला. तटावरून खालचं खोरं दिसतं: द्राक्षांचे मळे, सायप्रसची झाडं, ढगांच्या सावल्या. गिल्पिनने पसंत केलं असतं असं. पण मला ते दृश्य चौकटीत धरवेना. पळसगावच्या पोराने हा चढ जुलैच्या उन्हात कसा पाहिला असेल, एवढंच मनात येत राहिलं. त्या प्रवासात सगळ्यांत कमी फोटो मी मोंतोनेत काढले, आणि वहीची सगळ्यांत जास्त पानं तिथे भरली.

वाड्यात परत

त्सुमागोला मी बहिणीबरोबर २०२३ मध्ये गेले. तिथून मागोमेपर्यंतची आठेक किलोमीटरची जुनी वाट आम्ही रमतगमत चाललो. मागोमे हे कादंबरीकार शिमाझाकी तोसोनचं जन्मगाव, त्यामुळे शेवटी साहित्यिकाच्या घरी पोचल्याचं समाधानही मिळालं. त्सुमागोच्या लाकडी जाळ्या, पुढे आलेले वरचे मजले, काळे पडलेले खांब पाहताना आम्ही दोघी वारंवार म्हणत होतो, “अगदी आपला वाडा!” आणि मग मी घरी येऊन भांडले.

आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं. तीन आम्हा मालकांची, बाकी भाडेकरू. दिंडी दरवाजा, चौक, हौद, सागवानी खांब. एका खांबावर सासऱ्यांनी खिळ्याने ओरखडून ठेवलेली रेघ आहे, १२ जुलै १९६१ ची. पानशेतचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं. पुनर्विकासाच्या कागदावर दोन्ही दिरांनी सह्या केल्या होत्या. यजमानांच्या पश्चात तिसरी सही माझी. मी त्यांना त्सुमागोची तीन कलमं ऐकवली. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, तिथल्या सरकारनं कौलं बसवून दिली. आपल्याकडे महिन्याला चाळीस रुपये भाड्यात कोण कौलं बसवणार?”

या बोलण्याचा मी वहीतल्या रीतीने विचार केला, आणि त्यांचं खरं निघालं. पूर्वी मुर्तजाबाद म्हणून ओळखलेली ही पेठ १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेल्यापासून गावाच्या मध्यावर आहे. पैशाने इथून कधी वाट बदललीच नाही. दुर्लक्षाने जे जपलं जातं ते इथे जपलं जाणं शक्य नव्हतं. पुराने पुष्कळ वाडे पाडले, त्या जागी इमारती आल्या. जे उभे राहिले त्यांचं भाडं १९४७ च्या कायद्याने गोठलं, म्हणून मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर सोडवेना. त्सुमागोत सनद, कायदा आणि अनुदान आठ वर्षांत एकामागोमाग आलं. आमच्याकडे तिन्हींतलं काहीच अकरा बिऱ्हाडांपर्यंत पोचलं नाही. मी सही अडवून एकटीने त्सुमागो करू पाहत होते.

वरच्या मजल्यावरच्या काकू चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेली दोन वर्षं त्या खाली उतरल्या त्या फक्त दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून, चार मुलांनी उचलून. गेल्या पावसाळ्यात एक परदेशी जोडपं दिंडी दरवाज्यातून डोकावलं, मी त्यांना आत बोलावलं. चौकातून ते वर पाहत फोटो काढत होते: लाकडी कठडा, वाळत घातलेलं नऊवारी लुगडं, शेजारी काकू. वा, काय दृश्य, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. काकूंनी वरून विचारलं, “काय पाहतात गं ते?” मी म्हटलं, “तुम्हालाच.” त्या म्हणाल्या, “मग त्यांना सांग, लिफ्ट केव्हा होणार ते विचारा म्हणावं.”

भाद्रपदात मी सही केली. पाडण्याआधी वाड्याची मोजमापांसह रेखाटनं करून घ्यावीत, आणि रेघेचा खांब नव्या इमारतीच्या जिन्याशी उभा करावा, या दोन अटी घातल्या. दोन्ही लेखी मान्य झाल्या आहेत. वास्तुशास्त्र शिकणारी चार मुलं सध्या टेप घेऊन चौकात मोजमापं घेत आहेत आणि काकू त्यांना वरून कोणता खण कुणाचा ते सांगत आहेत.

वहीत आता सहावा प्रश्न लिहिला आहे, आणि यंदा गाव विचारायला येणाऱ्यांना तोही देणार आहे. गाव पाहून झालं, फोटो झाले, की तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, भाषा येत नसली तर हातवाऱ्यांनी, विचारून पाहा: तुम्ही हा जिना कसा चढता?